१२३४५६७८९ या संख्येची झडती कशी घ्यायची

मोठी संख्या समोर आली की बहुतेकांचं लक्ष आधी तिच्या अंकांकडे जातं. अंक ओळीत आहेत, उलटसुलट सारखे आहेत, बेरीज ४५ येते, वगैरे. हे सगळं गमतीचं आहे, पण त्यातलं बरंचसं त्या संख्येबद्दल नसून आपल्या दशमान लिखाणाबद्दल असतं. तीच संख्या दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली की अंकांची ती ओळ गायब होते. तिचे मूळ अवयव मात्र कुठल्याही पायात तेच राहतात. म्हणून झडतीचा क्रम असा ठेवा: आधी अवयव, मग अवयवांवरून ठरणारे वर्ग आणि अंकांचे खेळ सर्वांत शेवटी.

नमुना म्हणून १२,३४,५६,७८९ ही संख्या घेऊ. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. हिचं सगळं काम कागदावर होतं. साधा कॅल्क्युलेटर आणि ६१पर्यंतच्या अठरा मूळ संख्यांची यादी जवळ ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१.

एक सूचना शब्दांबद्दल. ‘मूळ संख्या’ म्हणजे १ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः सोडून कोणानेही भाग न जाणारी संख्या. ‘मुळात दिलेली संख्या’ या अर्थानेही हाच शब्द तोंडात येतो आणि वहीत घोळ होतो. म्हणून दिलेल्या संख्येला सरळ ‘न’ म्हणू.

पायरी १ : छोट्या मूळ संख्यांची चाळणी

शेवटचा अंक ९, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १+२+…+९ = ४५, तिला ९ ने भाग जातो, म्हणून न ला सुद्धा ९ ने भाग जातो. भागाकार १,३७,१७,४२१. इथे थांबू नका. भागाकाराचीही बेरीज करा: १+३+७+१+७+४+२+१ = २६. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे ३ चा घातांक नेमका २. घातांक पक्का न करता पुढे जाणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, आणि तिचा फटका विभाजक मोजताना बसतो.

जाता जाता: अंकांचा क्रम बदलला तरी बेरीज ४५च राहते. त्यामुळे १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून होणाऱ्या ३,६२,८८० संख्यांत एकही मूळ संख्या सापडणार नाही.

७, ११ आणि १३ साठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने अधिक-वजा करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता ४५६ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास ५, १३ ने भागल्यास १. तिघेही बाद.

या कसोटीत आपल्याकडे एक खास चूक होते. आपण स्वल्पविराम कोटी-लाख-हजारांप्रमाणे देतो: १२,३४,५६,७८९. पहिला गट तीन अंकांचा, पुढचे दोन-दोनचे. त्या स्वल्पविरामांवरच गट पाडले तर उत्तर साफ चुकतं. कसोटीसाठी संख्या स्वल्पविरामांशिवाय पुन्हा लिहून घ्या आणि उजवीकडून मोजा.

पायरी २ : उरलेल्या १,३७,१७,४२१ चं काय करायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. सरळ मार्ग म्हणजे १७, १९, २३ असं भागत जाणं. वर्गमूळ सुमारे ३७०३.७ आहे, म्हणजे वाईटात वाईट वेळी ३७०३पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. कागदावर हे पाचशेहून जास्त भागाकार झाले. तिथे उडी मारण्याआधी फर्माच्या पद्धतीला दहा-बारा प्रयत्न द्या. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याची ही युक्ती आहे. विषम संख्या क × ख अशी मोडत असेल, तर ती दोन वर्गांची वजाबाकीही असते. पहिला वर्ग क आणि ख यांच्या सरासरीचा, दुसरा त्यांच्यातल्या फरकाच्या निम्म्याचा. मग उलट दिशेने शोधायचं:

१. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या. इथे ३७०४.
२. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा. ३७०४² = १,३७,१९,६१६, वजाबाकी २१९५. हा पूर्ण वर्ग आहे का? ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो. हा ९५ ने संपतो, म्हणून नाही.
३. एकने पुढे जा. ३७०५² = १,३७,२७,०२५, वजाबाकी ९६०४. आणि ९६०४ = ९८².

दुसऱ्याच प्रयत्नात काम झालं. अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

हे इतकं पटकन झालं ते दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ होते म्हणून. ते लांब असतील तर हीच पद्धत रडवते. संख्येकडे नुसतं बघून अवयव जवळ आहेत की लांब हे कळत नाही, म्हणून दोन्ही पद्धती थोड्या थोड्या चालवणं हा व्यवहारी उपाय. आधी शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं, मग फर्माचे डझनभर प्रयत्न, आणि तरीही काही हाती लागलं नाही तर संगणक. इथे १३ नंतर लगेच फर्माकडे वळलो ते पद्धत दाखवण्यासाठी. शंभरपर्यंत भागत गेला असता तरी हाती काही लागलं नसतं.

गुणाकार ताडून बघा. नऊची कसोटी: ३६०७ ची अंकबेरीज १६, म्हणजे ७; ३८०३ ची १४, म्हणजे ५; ७ × ५ = ३५, म्हणजे ८. उत्तराची बेरीज २६, म्हणजे ८. जुळलं. पण दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ही कसोटी ती पकडत नाही. म्हणून अकराचीही लावा, म्हणजे उजवीकडून आळीपाळीने अधिक-वजा. ३६०७ चे १०, ३८०३ चे ८, गुणाकार ८०, त्याला ११ ने भागून बाकी ३. १३७१७४२१ चे −८, त्यात ११ मिळवले की ३. दोन्ही जुळल्या की निर्धास्त व्हा.

पायरी ३ : ३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का

अवयव सापडले म्हणजे मूळ अवयव सापडले असं नाही. प्रत्येकाला त्याच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायलाच हवं. कुठे थांबायचं हे वर्ग करून ठरवा: ६१² = ३७२१. हा ३६०७ पेक्षा मोठा, म्हणून ३६०७ साठी ५९पर्यंत पुरे. ३८०३ पेक्षा मात्र लहान, म्हणून तिथे ६१ सुद्धा तपासावा लागतो. ३८०३ ला ६१ ने भागल्यास बाकी २१ येते. दोन्हींसाठी एकच सीमा धरली तर पुरावा अर्धा राहतो.

थोडक्यात हुकणाऱ्या जागा सावधपणे करा. ३६०७ ला १७ आणि ५३ या दोन्हींनी भागल्यास बाकी ३ (३६०४ = १७ × २१२ = ५३ × ६८). ३८०३ ला ७ ने भागल्यास बाकी २, आणि १९ ने भागल्यास ३. कुठेच शून्य येत नाही. दोन्ही मूळ.

तर न = ३² × ३६०७ × ३८०३. ही ओळ पानाच्या माथ्यावर लिहून चौकट करा, कारण पुढचं जवळपास सगळं हिच्यातूनच निघतं.

पायरी ४ : अवयवांवरून ठरणारे वर्ग

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार, म्हणजे ३ × २ × २ = १२. यादी करून खात्री करा: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि न स्वतः.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ अवयवाच्या घाताची बेरीज वेगळी काढून गुणायची. ९ साठी १ + ३ + ९ = १३, ३६०७ साठी ३६०८, ३८०३ साठी ३८०४. गुणाकार १७,८४,२२,८१६. इथे ठरलेली चूक म्हणजे ९ ला ३ × ३ समजून ४ × ४ = १६ घेणं. वेगवेगळे गुणून चालतं ते परस्परांशी सामाईक अवयव नसलेल्या तुकड्यांचं, आणि ३ व ३ तसे नाहीत.

या बेरजेतून न वजा केला की उरतात ५,४९,६६,०२७, म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज. ती न पेक्षा लहान, म्हणून न ही न्यून संख्या. बरोबर न इतकी असती तर परिपूर्ण (६ आणि २८ सारखी), जास्त असती तर अधिक. बेरीज आणि न यांचं गुणोत्तर सुमारे १.४४५ येतं. त्यातला १.४४४ एवढा वाटा एकट्या ९ चा आहे (१३ भागिले ९). ३६०७ आणि ३८०३ सारखे मोठे मूळ अवयव या गुणोत्तराला जेमतेम धक्का देतात. एखादी मोठी संख्या अधिक आहे का, याचा अंदाज तिच्या छोट्या मूळ अवयवांवरूनच येतो, तो यामुळे.

न पेक्षा लहान आणि न शी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती? हे ऑयलरचं फाय. ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. इथेही ९ साठी ६ घ्यायचे, २ × २ = ४ नव्हेत. न मध्ये ३ चा वर्ग असल्याने ती वर्गमुक्त नाही.

आता खरा सापळा. न ला दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? शेवटचे दोन अंक ८९, त्याला ४ ने भागल्यास बाकी १. पुष्कळ जण इथेच ‘हो’ लिहितात, कारण ‘४ ने भागून बाकी १ उरली की दोन वर्गांची बेरीज’ असं अर्धवट पाठ असतं. तो नियम मूळ संख्यांसाठी आहे. संयुक्त संख्येसाठी अट वेगळी: ४ ने भागून बाकी ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. ३ चा घातांक २ आहे, तो चालेल. पण ३६०७ आणि ३८०३ या दोघांचीही बाकी ३, आणि दोघांचे घातांक १. म्हणून उत्तर ‘नाही’. दोन्ही ३ बाक्यांचा गुणाकार ९ होतो, त्याची बाकी १, आणि दोष झाकला जातो. नुसत्या न कडे बघून हे दिसत नाही, म्हणून अवयव आधी.

असाच जोड असलेली १,३७,१७,४२१ ही संख्या मात्र एका वेगळ्या नावाला पात्र ठरते. ४ ने भागून बाकी ३ देणाऱ्या दोन वेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराला ब्लम संख्या म्हणतात. मॅन्युएल ब्लम या संगणकशास्त्रज्ञाचं हे नाव. गुप्तलेखनात अशा संख्या वापरतात, अर्थात शेकडो अंकी, आणि एकमेकांच्या इतक्या जवळचे अवयव टाळून. त्याचं कारण पायरी २ मध्ये दिसलंच.

तीन वर्गांची बेरीज? ८ ने भागून बाकी ५. ४ ने भाग जात नाही आणि ८ ची बाकी ७ नाही, म्हणून हो. वर्गांची वजाबाकी तर सहा प्रकारे होते, बारा विभाजकांच्या सहा जोड्यांमधून. त्यातली सगळ्यात छोटी ११११५² − २९४². लागोपाठच्या दोन किंवा जास्त नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून न अकरा प्रकारे लिहिता येते: विषम विभाजक बारा, त्यातून एक वजा. उदाहरणार्थ ६१७२८३९४ + ६१७२८३९५.

पायरी ५ : पूर्ण वर्ग, त्रिकोणी वगैरे

अवयव माहीत असल्यावर पूर्ण वर्गाचा प्रश्न उरतच नाही. पण ११११११११… असल्या संख्यांशी खेळलेल्याला इथे एक देखणी गोष्ट दिसेल. फक्त पाच एके घ्या: ११,१११. त्याचा वर्ग १२,३४,५४,३२१, आणि न मधून तो वजा केल्यास उरतात २४६८. पुढचा वर्ग, ११,११२ चा, न पेक्षा मोठा आहे. त्रिकोणी संख्या म्हणजे १ + २ + ३ + … अशी बेरीज; तिची कसोटी म्हणजे ८ पट करून १ मिळवला की पूर्ण वर्ग यायला हवा. येतात ९८,७६,५४,३१३. शेवटचा अंक ३. पूर्ण वर्ग कधीच २, ३, ७, ८ वर संपत नाही. विषय मिटला.

पायरी ६ : आता अंकांचे खेळ

इथून पुढचं सगळं दशमान लिखाणावर अवलंबून आहे. आणि या खेळांत मराठी माणसाला घरचं नाव भेटतं: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, देवळालीला शाळामास्तर. खालची बरीच नावं त्यांचीच.

हर्षद संख्या: स्वतःच्या अंकबेरजेने भाग जाणारी. न ला ४५ ने भाग जायला ५ ने जायला हवा. जात नाही. ९ ने भाग गेला म्हणून हर्षद म्हणून टाकायची घाई करू नका.

स्वयंभू संख्या: कुठल्याही संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवून जी मिळत नाही ती. सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. न ला ९ ने भाग जातो, म्हणून जनक संख्येलाही (जिच्यात तिचीच अंकबेरीज मिळवली की न येते तिला) ९ ने भाग जायला हवा, आणि तिची अंकबेरीज ९, १८, २७ … ८१ यांपैकीच असणार. नऊच शक्यता. न − ३६ = १२३४५६७५३, हिची अंकबेरीज ३६. सापडला जनक: १२३४५६७५३ + ३६ = १२३४५६७८९. बाकी आठ शक्यता जुळत नाहीत, म्हणजे जनक एकुलता एक. न स्वयंभू नाही.

कापरेकर संख्या: वर्ग करून दोन तुकड्यांची बेरीज केली की मूळची संख्या परत येते, जसं ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. तुकडा उजवीकडून पाडायचा, न मध्ये जितके अंक तितके. न² = १५२४१५७८७५०१९०५२१. उजवे नऊ अंक ७५०१९०५२१, डावीकडचे १५२४१५७८. बेरीज ७६५४३२०९९. नाही. गंमत एवढीच की न ची अंकबेरीज ४५ स्वतः कापरेकर संख्या आहे.

कापरेकर प्रक्रिया मात्र इथे फार छान चालते. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. उत्तरात पुन्हा १ ते ९ हेच अंक, म्हणून पुढच्या फेरीत हीच वजाबाकी परत येते. चार अंकांत ६१७४ चं जे स्थान, तसा हा नऊ अंकी स्थिर बिंदू. फक्त तो एकटा नाही. ५५४९९९४४५ हाही स्थिर बिंदू आहे आणि काही नऊ अंकी संख्या चक्रात फिरत राहतात, म्हणून ‘सगळ्या इथेच पोचतात’ असं लिहू नका.

स्मिथ संख्येची कसोटी: मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज ३ + ३ + १६ + १४ = ३६, न ची ४५. नाही. आनंदी संख्येची: अंकांच्या वर्गांची बेरीज २८५, मग ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७ आणि पुढे ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ करत पुन्हा ३७. चक्रात अडकली, १ वर येत नाही. म्हणून आनंदी नाही.

दोनच्या पायात न ला २७ अंक लागतात, त्यात १६ एके. वरची हर्षद, स्वयंभू, स्मिथ, आनंदी ही सगळी उत्तरं तिथे नव्याने काढावी लागतील. पायरी ४ मधलं एकही नाही.

यंत्र कुठे फसवतं

एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक राहतात. न चा वर्ग सतरा अंकी, त्यामुळे तिथे शेवटचे दोन अंक शून्य होऊन १५२४१५७८७५०१९०५०० दिसतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये साध्या पद्धतीने गुणलं तर शेवटी २१ ऐवजी २० येतात, कारण ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या तिथे नेमकी साठवता येत नाही. विषम संख्येचा वर्ग सम दिसला की समजायचं, चूक यंत्राची आहे. पायथनमध्ये पूर्ण संख्या कितीही मोठी असली तरी अचूक राहते, पण भागाकारासाठी दोन तिरक्या रेघांचं चिन्ह वापरा. एका रेघेने उत्तर दशांशात जातं आणि मोठ्या संख्येत शेपटीचे अंक हरवतात. त्यातल्या सिम्पाय या लायब्ररीत अवयव पाडण्याची सोय आहे. हाताने काढलेलं उत्तर तिथे ताडून घ्या, उलट करू नका.

हात बसवायला

९८,७६,५४,३२१ घ्या. ९ ने भागल्यावर उरतात १०,९७,३९,३६९. इथे फर्माची पद्धत लावाल तर सुमारे एक लाख ऐंशी हजार प्रयत्न लागतील. १७ ने भाग मात्र लगेच जातो, आणि एकदा नव्हे, दोनदा. उरतो ३,७९,७२१, हा मूळ आहे, पण खात्रीसाठी ६१३पर्यंतच्या मूळ संख्या लागतील. विभाजक १८ यायला हवेत, त्यांची बेरीज १,५१,५४,७०,५०२. ३ चा घातांक सम, १७ आणि ३७९७२१ यांची ४ ने भागून बाकी १, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते, तिची सरळ बहीण होत नसली तरी. दोघींचा मसावि काढायला अवयवही लागत नाहीत: ८ × १२३४५६७८९ + ९ = ९८७६५४३२१, म्हणून मसावि ९. ९८,७६,५४,३२१ चा जनक शोधताना ५४ पाशी थांबाल.